टॅक्रोलिमसची मात्रा आणि न विचारलेला एक प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवयवदानाच्या बाबतीत इंदूरचे नाव गेल्या दहाएक वर्षांत आदराने घेतले जाऊ लागले आहे. २०१५ साली येथे पहिला ग्रीन कॉरिडॉर झाला. तेव्हापासून वाहतूक थांबवून रुग्णवाहिका धावली की त्या बातमीला वर्तमानपत्रांत ठळक जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. मात्र रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात पोचली की बातमी संपते. ज्याला अवयव मिळाला त्याचे पुढचे सारे आयुष्य ज्यावर तोललेले असते, त्या गोळ्यांच्या मात्रेविषयी मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही. २०१७ साली माझ्या थोरल्या बहिणीने मला आपली एक किडनी दिली. मी डॉक्टर नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण रोज दोन वेळा जे गिळतो त्याची माहिती करून घेणे मला भागच पडले, आणि एकदा ती माहिती असूनही मी जी चूक केली तिच्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

किडनी बदललेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांतील मुख्य औषध म्हणजे टॅक्रोलिमस. आम्ही रुग्ण त्याला नुसते ‘टॅक्रो’ म्हणतो. जपानमधील त्सुकुबा डोंगराच्या परिसरातील मातीत १९८४ साली सापडलेल्या एका जिवाणूपासून ते मिळाले आणि पुढच्या दशकात प्रत्यारोपणात रुळले. औषध गुणी आहे, पण त्याला वावरायला जागा फार थोडी असते. रक्तातील पातळी खाली गेली की शरीर परक्या किडनीवर उठते. वर गेली की तेच औषध त्याच किडनीला बाधते, हात थरथरू लागतात, साखर चढते. म्हणून आदल्या रात्रीच्या मात्रेला बारा तास झाल्यावर आणि सकाळची मात्रा घेण्यापूर्वी रक्त देऊन ‘लेव्हल’ पाहतात. पहिल्या काही आठवड्यांत ती मिलिलिटरमागे साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम, आणि वर्ष उलटल्यावर ५ ते ८ च्या आसपास ठेवली जाते. रुग्णालयागणिक थोडा फरक असतो. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. सारी नोकरी पैशांचा ताळेबंद जुळवण्यात गेलेल्या मला सुद्धा इतक्या बारीक हिशेबाची सवय नव्हती.

लेव्हलच्या दिवशी आम्ही सगळे खिशात सकाळच्या कॅप्सूल घेऊन उपाशीपोटी बाकावर बसलेले असतो. रक्त दिले की कॅप्सूल घ्यायच्या, आणि तास उलटला की खाली उतरून पोहे खायचे, असा आमचा क्रम ठरलेला आहे, कारण भरल्या पोटी, विशेषतः तेलकट खाण्यावर, हे औषध नीट शोषले जात नाही. त्या बाकावर माझ्याच सुमारास किडनी बदललेला देवासचा एक तरुण आईबरोबर येत असे. त्याचे वजन ५२ किलो, माझे ७४. मला दिवसाला ३ मिलिग्रॅम पुरत होते. त्याला ५ मिलिग्रॅम देऊनही लेव्हल ४ च्या वर चढत नव्हती. अशा वेळी पहिला संशय रुग्णावरच येतो, आणि तसा तो आलाही: मुलगा गोळ्या चुकवत असणार, वेळा पाळत नसणार. एके दिवशी त्याची आई कापडी पिशवी घेऊन आली आणि तिने ती डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली. महिनाभराच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर तिने बॉलपेनने तारीख घातली होती.

पुढे त्याची जनुकीय तपासणी झाली आणि उत्तर तेथे सापडले. टॅक्रोलिमसचे विघटन आतडे आणि यकृत यांतील दोन एन्झाइम करतात, सीवायपी३ए४ आणि सीवायपी३ए५. पहिले सर्वांकडे असते, कमी-अधिक. दुसरे काहींकडेच चालते. सातव्या गुणसूत्रावर त्याचे जे जनुक आहे त्यात एका अक्षराचा बदल असला, तर त्या जनुकाचा मजकूर जुळवताना नको तो तुकडा मध्ये शिरतो आणि कामाचे एन्झाइम जवळजवळ तयारच होत नाही. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती अशा असल्या तर औषध रक्तात टिकते आणि थोड्या मात्रेत भागते. दोहोंपैकी एक प्रत जरी धड असेल तरी औषध भराभर निकालात निघते, आणि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाला सुरुवातीची मात्रा दीडपट ते दुप्पट लागते. युरोपीय वंशाच्या बहुतेकांत दोन्ही प्रती निकामी असतात, आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांत निदान एक चालती असते, आणि आपण भारतीय मधोमध, जवळपास निम्मे-निम्मे आहोत. म्हणजे आमच्या बाकावर दहा जण बसले असतील तर त्यांतील चार-पाच जण देवासच्या त्या मुलासारखे असणे स्वाभाविक आहे. तो आता दिवसाला ९ मिलिग्रॅम घेतो आणि त्याची लेव्हल ६ च्या घरात असते. वजनावरून मात्रा काढण्याच्या रीतीत ही गोष्ट मुळीच दिसत नाही.

याच संदर्भात एक गैरसमज आमच्या घरी झाला होता आणि तो इतरत्रही होत असावा. ताईला कोणतेही औषध थोडेसेच पुरते, तापाची अर्धी गोळी घेऊनही ती दिवसभर झोपते. तेव्हा तिची किडनी आल्यावर मलाही कमीच औषध लागेल, असे आमच्या आत्याचे ठाम मत होते. मला मात्रा खरोखरच कमी लागली, त्यामुळे आत्या आजही ते श्रेय सोडायला तयार नाही. परंतु टॅक्रोची मोडतोड किडनीत होत नाही. ताईची किडनी माझ्याकडे आली, यकृत आणि आतडी माझी मलाच राहिली. जनुक पाहायचे ते घेणाऱ्याचे. यकृत बदललेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र देणाऱ्याचे जनुकही हिशेबात धरावे लागते, कारण तेथे औषध मोडणारा कारखानाच दुसऱ्याच्या घरून आलेला असतो.

मग प्रत्येकाची ही तपासणी आधीच का करू नये? नात्यातील दात्याकडून किडनी घ्यायची असेल तर कागदपत्रे, समितीची परवानगी, रक्त आणि ऊती जुळवणे यांत काही आठवडे सहज जातात. त्या काळात ही एक तपासणी होऊ शकते आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते, म्हणून माझे मत ती करावी याच बाजूचे आहे. तथापि तिच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. फ्रान्समध्ये २८० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात जनुक पाहून मात्रा ठरवलेल्या गटापैकी ४३ टक्के रुग्णांची लेव्हल पहिल्याच मोजणीत हव्या त्या मर्यादेत आली, तर नेहमीच्या पद्धतीने मात्रा दिलेल्या गटात हे प्रमाण २९ टक्के होते. पण पुढे किडनीचे काम आणि रिजेक्शनचे, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचे, प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. दोन-तीन दिवसांआड लेव्हल पाहून मात्रा बदलत गेले की दोन्ही गट त्याच मुक्कामाला पोचतात, एवढाच त्याचा अर्थ. उपरोक्त मार्गदर्शक सूचनाही तपासणीची सक्ती करत नाहीत. अहवाल हाती असेल तर काय करावे, इतकेच सांगतात. देवासच्या त्या आईला पट्ट्यांवर तारखा घालाव्या लागल्या नसत्या, हा फायदा कोणत्याही अभ्यासात मोजलेला नाही, आणि माझ्या लेखी तो लहान नाही.

जनुक एकदा ठरले ते ठरले. रोज बदलू शकते ते आपण टॅक्रोबरोबर आणखी काय पोटात घालतो ते, आणि माझी चूक येथेच झाली. २०२२ च्या पावसाळ्यात मला कमरेला नायटा झाला. एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारले, “आणखी कुठली औषधे चालू?” मी म्हणालो, “बीपीची.” तीच कहाणी पुन्हा सांगायचा कंटाळा आला होता, बाहेर रांग होती, आणि कमरेच्या नायट्याचा किडनीशी काय संबंध, असेही मनात आले असावे. त्यांनी इट्राकोनॅझोल लिहून दिले. औषधाच्या दुकानात ज्या पावतीवर ते आले त्याच पावतीवर माझे महिन्याचे टॅक्रोही होते. विकणाऱ्याने दोन्ही एकाच पिशवीत घालून दिले. सहाव्या दिवशी बशीत चहा ओतताना तो बाहेर सांडला. आठव्या दिवशी माझा एक चेक सही जुळत नाही म्हणून परत आला. आयुष्यभर इतरांना “सही जुळत नाही” म्हणून सांगितलेल्या माणसाला ते कसे वाटले असेल हे बँकेतील मंडळी जाणतील. मी तो चेक नातीला दाखवून हसत होतो. माझ्या पत्नीने मात्र तो हातात घेतला, माझ्या बोटांकडे पाहिले आणि रिक्षा बोलावली.

लेव्हल आली २३. एरवी ती ६ च्या आसपास असे. किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेले होते. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या कुळातील बुरशीची औषधे टॅक्रो मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतात. मी घेत होतो त्याच ३ मिलिग्रॅमचे माझ्या रक्तात कितीतरी पट औषध झाले. त्यातही इट्राकोनॅझोल बंद केल्यावर लगेच शरीरातून जात नाही, त्यामुळे टॅक्रो थांबवणे, पुन्हा थोडे सुरू करणे, दर दोन-तीन दिवसांनी रक्त देणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले. किडनी बचावली. नायटा नंतर टर्बिनाफिनने गेला, जे या एन्झाइमच्या वाटेला जात नाही. म्हणजे पर्याय पहिल्या दिवसापासून त्याच दुकानाच्या फडताळात होता. त्वचारोगतज्ज्ञांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारले होते आणि मी अर्धे उत्तर दिले. पण ज्याच्या हातात दोन्ही पट्ट्या एकाच वेळी होत्या त्या दुकानदाराला मात्र एक प्रश्न विचारणे शक्य होते.

असे प्रसंग केवळ बुरशीच्या औषधांनी घडत नाहीत. खोकला-घशासाठी सर्रास लिहिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन लेव्हल झपाट्याने चढवते. त्याचेच भावंड ॲझिथ्रोमायसिन त्या मानाने निरुपद्रवी आहे, पण नावे कानाला इतकी सारखी की “एकच आहे हो” म्हणून एकाऐवजी दुसरे हाती येऊ शकते. उलट दिशेचे औषध म्हणजे रिफॅम्पिसिन. क्षयरोग आपल्याकडे आजही घरोघरी ओळखीचा आहे आणि दाबलेल्या प्रतिकारशक्तीत तो डोके वर काढतो. रिफॅम्पिसिन यकृताला जादा एन्झाइम बनवायला लावते. आठवडा-दोन आठवड्यांत टॅक्रोची लेव्हल कोसळते आणि मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागते. म्हणून जाणकार डॉक्टर शक्य तेथे त्याऐवजी रिफाब्युटिन वापरतात किंवा वेगळी औषधयोजना करतात. खरा धोका कोर्स संपल्यावर आहे: रिफॅम्पिसिन थांबले, जादा एन्झाइम दोनेक आठवड्यांत ओसरले, आणि वाढवलेली टॅक्रोची मात्रा कोणी कमीच केली नाही, तर रुग्ण क्षयातून उठून विषबाधेत पडतो. फिटसाठी दिली जाणारी फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही औषधेही याच गटातली.

एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. जी आंतरक्रिया मला भोवली तीच भारतातील डॉक्टर जाणूनबुजून वापरतात. रक्तदाबाचे डिल्टियाझेम टॅक्रोचे विघटन मंदावते. ते सोबत दिले की महागड्या कॅप्सूल कमी लागतात आणि महिन्याचा खर्च उतरतो. मलाही ते चालू आहे, आणि माझ्या ३ मिलिग्रॅममागे माझ्या जनुकाइतकाच त्याचाही हात आहे. (हे आत्याला अजून सांगितलेले नाही.) परंतु त्यामुळे डिल्टियाझेम ही माझ्यासाठी केवळ बीपीची गोळी राहिलेली नाही. एखाद्या सद्भावी फॅमिली डॉक्टरने “ही जुनी झाली, ॲम्लोडिपिन घ्या” म्हणून ती बदलली, तर बीपी उत्तम राहील आणि टॅक्रोची लेव्हल मुकाट्याने खाली जाईल. औषध सुरू करणे जितके सांगण्यासारखे, तितकेच बंद करणेही.

खाण्यापिण्यातही दोन-तीन गोष्टी आहेत. पपनस, ज्याला येथे चकोतरा म्हणतात, ग्रेपफ्रूटप्रमाणेच आतड्यातील एन्झाइम निकामी करते. आमचे रत्नागिरीचे व्याही दरवर्षी गणपतीत मोठ्या प्रेमाने पपनस पाठवतात आणि ते मी शेजारी वाटून टाकतो. संत्री-मोसंबीला मला मुभा आहे. गुळवेलीचा काढा करोनाच्या दिवसांत घरोघरी उकळत होता. तो प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतात, आणि ज्याने ती दाबून ठेवण्यासाठी जन्मभराचा खर्च मांडला आहे त्याने तो घेऊ नये हे सांगायला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. आणि जुलाब. सामान्य समज असा की जुलाबात औषध वाहून जाते, म्हणून कोणी एखादी कॅप्सूल जास्तीची घेतो. घडते बरोबर याच्या उलट. टॅक्रोचा मोठा वाटा आतड्याच्या अस्तरातच मोडला जातो किंवा परत ढकलला जातो. जुलाबात ते अस्तर दुखावले की पहारा ढिला पडतो आणि औषध नेहमीपेक्षा जास्त रक्तात शिरते. सराफ्याच्या खाऊबाजारातील एका रात्रीच्या खाण्याने पोट बिघडून लेव्हल दुप्पट झालेला मनुष्य मी बाकावर पाहिला आहे. अशा वेळी मात्रा आपल्या मनाने न बदलता लेव्हल पाहून घ्यावी.

टॅक्रोच्या आधीच्या काळातील औषधांनाही हाच नियम लागू आहे. वेल्लोरला १९७१ साली भारतातील पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण झाले तेव्हा भिस्त ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांवर होती, आणि ॲझाथायोप्रिन आजही अनेकांना चालू आहे. प्रत्यारोपणानंतर युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजणे नेहमीचे. त्यावर सहज लिहिले जाते ते ॲलोप्युरिनॉल. ही दोन एकत्र आली की ॲझाथायोप्रिनची विल्हेवाट अडते आणि रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा बसते, पांढऱ्या पेशी धोक्याच्या रेषेखाली जातात. गंमत अशी की दोन्ही औषधे एकाच प्रयोगशाळेतील, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांची. दोघांना १९८८ चे नोबेल मिळाले, आणि ॲलोप्युरिनॉलचा अभ्यास मुळात ॲझाथायोप्रिनच्या कुळातील औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणूनच सुरू झाला होता. जी गोष्ट औषधाच्या जन्मापासून ठाऊक आहे ती अजून रुग्णाला भोवते. शिवाय येथेही जनुक आहेच: एनयूडीटी१५ या जनुकातील दोष आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो आणि तो असलेल्यांना ॲझाथायोप्रिनची साधी मात्राही झेपत नाही.

माझे म्हणणे मोठ्या योजनेचे नाही. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांनी घरी सोडताना जी जाडजूड फाइल हाती दिली जाते तिच्याबरोबर खिशात मावेल असे एक कार्ड हिंदी आणि मराठीत द्यावे. दवा बाजारातील आणि गल्लोगल्लीच्या औषध विक्रेत्यांनी एवढेच करावे की टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन (हेही प्रतिकारशक्ती दाबणारेच) किंवा ॲझाथायोप्रिन नेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरे कोणतेही नवे औषध देताना, “तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारले का?” असा प्रश्न करावा, आणि नेहमीच्या कंपनीचे टॅक्रो संपले म्हणून दुसऱ्या कंपनीचे, किंवा दिवसातून दोनदा घ्यायच्या कॅप्सूलऐवजी एकदा घ्यायची, न सांगता देऊ नये, कारण त्या बदलानंतरही लेव्हल पाहावी लागते. फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य, त्वचारोगतज्ज्ञ यांनी रुग्णाच्या “बीपीची” या उत्तरावर थांबू नये. आमच्यासारखे रुग्ण कंटाळून अर्धेच सांगतात, हे मी कबूल केलेच आहे.

माझे कार्ड मी स्वतः तयार केले असून जुन्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवले आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘किडनी प्रत्यारोपण, २०१७’. खाली टॅक्रोलिमस सकाळी दीड, रात्री दीड मिलिग्रॅम, कंपनीच्या नावासह. डिल्टियाझेम, आणि त्यापुढे ‘बंद करू नये’. मग शेवटच्या तीन लेव्हल तारखांसह. मागील बाजूस लाल शाईत इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, आणि वेदनाशामकांपैकी डायक्लोफिनॅक व आयबुप्रोफेन, जी लेव्हल न वाढवताही किडनीला इजा करतात. मागच्या महिन्यात दाढ काढायला गेलो तेव्हा प्रथम ते टेबलावर ठेवले. दंतवैद्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचले, लिहून झालेली चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. या कार्डाचा मजकूर कोणाला हवा असल्यास आपल्या कार्यालयात एक प्रत पाठवून ठेवतो; आपल्या डॉक्टरांकडून त्यात आपापल्या मात्रा भरून घ्याव्यात, माझ्या उतरवून घेऊ नयेत.

आपला,
एक नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर